इलेक्ट्रिक रेंज: आई येते आहे, तिला काय काय सांगू?

तिखटमीठ | ९ एप्रिल, रात्री ९:१४

नमस्कार मंडळी,

जानेवारीत आम्ही कोलंबसला (ओहायो) नव्या अपार्टमेंटमध्ये राहायला आलो. आधीच्या घरी गॅस होता. इथे इलेक्ट्रिक रेंज आहे, वर काच, काचेखाली चार बर्नर, खाली ओव्हन. तीन महिन्यांतली माझी कमाई अशी: दूध चारदा उतू, प्लास्टिकचा एक डाव वितळून गेला, आणि भात प्रत्येक वेळी एकतर कच्चा नाहीतर खाली लागलेला.

हे सगळं मी निभावून नेईन. खरी काळजी वेगळीच आहे. मे महिन्यात आई-बाबा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी येताहेत. आईचं सगळं आयुष्य ज्योत बघून स्वयंपाक करण्यात गेलं. दिवसभर आम्ही दोघं कामावर असणार आणि ती हातावर हात धरून बसणारी बाई नाही. साडी नेसते. कानाने जरा कमी ऐकू येतं. शेगडी बंद केली म्हणजे ती बंद झाली, असं तिचं साधं गणित आहे.

तर तिला नेमकं काय सांगू? आणि ही काच टिकवायची कशी? अनुभवाचे बोल हवेत. मॅन्युअल माझ्याकडे आहे, त्यात पहिली आठ पानं नुसती घाबरवण्यात गेली आहेत.

झाकणझुल्या | ९ एप्रिल, रात्री ९:२०

शीर्षक वाचून वाटलं मोबाइलला रेंज मिळत नाही म्हणून धागा आहे.

ओसरी | ९ एप्रिल, रात्री ९:४१

दूध उतू जाण्याचं कारण सोपं आहे. गॅसचा कान पिरगाळला की ज्योत गेली. इथे नॉब बंद केला तरी खालची तार आणि काच कितीतरी वेळ तापलेलीच असतात. म्हणून दूध वर यायला लागलं की नॉबकडे धावायचं नाही, भांडं उचलून बाजूला ठेवायचं. आईंना पहिला धडा हाच द्या: आधी भांडं हलव, मग नॉब.

कुकरचंही तेच. मी दोन बर्नर वापरते. मोठ्यावर पहिली शिट्टी येईपर्यंत, शेजारचा बारीकवर आधीच तापवून ठेवलेला, मग कुकर तिकडे सरकवायचा. म्हणजे उचलून ठेवायचा, सरकवायचा नाही. काचेवर भांडी ओढायची नसतात.

दगडफूल | ९ एप्रिल, रात्री १०:०५

ओसरीताईंना अनुमोदन. भर घालते: भात लागतो कारण ‘मध्यम’ म्हणजे इथे मध्यम आच नसते. नॉब मधोमध ठेवला तर खालचं कॉइल पूर्ण तापतं, बंद होतं, पुन्हा तापतं. काच मध्येच लालभडक, मध्येच काळी दिसते ती त्यामुळे. आमच्या सासूबाईंना वाटलं बिघडली, त्या दर वेळी काळी झाली की नॉब वाढवत होत्या.

पाटावरवंटा | ९ एप्रिल, रात्री ११:३०

मी तर म्हणतो काच नकोच. आमच्याकडे जुनी उघड्या कॉइलची रेंज आहे, वीस वर्षांची. वाकडी कढई ठेवा, बिडाचा तवा आपटा, काही होत नाही. फुलके तर कॉइलवर पापडाची जाळी ठेवून असे टम्म फुगतात की बघत राहावं.

चकलीमोडली | १० एप्रिल, सकाळी ६:१२

पाटावरवंटा, तुमची जुनी आहे म्हणून. मी दोन वर्षांपूर्वी नवी कॉइलची घेतली आणि फसले. साधारण २०१८ नंतरच्या कॉइलमध्ये मधोमध एक सेन्सर असतो. भांड्याचा तळ ठरावीक तापमानावर गेला की कॉइल आपोआप बंद. तेलाला आग लागू नये म्हणून हा नियम आला, हेतू चांगला. पण गोल बुडाची कढई सेन्सरवर नीट टेकत नाही, आणि मोठा तवा कधी पुरेसा तापतच नाही. भाकरीला पापुद्रा सुटेना. शेवटी सपाट बुडाची जाड कढई आणली तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

वायरमन_काका | १० एप्रिल, सकाळी ७:४८

न्यू जर्सीत तीस वर्षं याच कामात गेली, म्हणून जरा लांबण लावतो. चहा घेऊन बसा.

भारतातल्या मंडळींसाठी आधी थोडं. इथे घरातल्या साध्या प्लगला १२० व्होल्ट असतात, पण रेंजला २४० व्होल्टची वेगळी लाइन येते. पॅनेलमध्ये तिचा जोड ब्रेकर असतो, दोन खटके एकत्र बांधलेला, बहुधा ४० किंवा ५० अँपिअरचा. तिखटमीठ, तुम्ही आज पहिलं काम हे करा: तो ब्रेकर शोधा, त्यावर ठळक मराठीत ‘शेगडी’ असं लिहून चिकटवा आणि आई-बाबा आले की दोघांना दाखवा. काही विचित्र दिसलं, ठिणगी, जळका वास, काचेला तडा, तर नॉब बंद करून थेट तो खटका पाडायचा.

काचेला तडा गेला की त्यावर स्वयंपाक बंद. ‘छोटाच आहे, पलीकडच्या बर्नरवर करते’ हे अजिबात नाही. उतू गेलेलं पाणी तड्यातून खाली विजेच्या भागात उतरतं. ओल्या फडक्याने पुसायलाही जायचं नाही.

कॉइलवाल्यांसाठी: कॉइल पाण्यात बुडवून घासू नका. खरं तर ते घासावंच लागत नाही, वर सांडलेलं आपोआप जळून जातं. घासायची ती खालची ताटली. कॉइल एकाच जागी जास्त लाल होत असेल, त्यावर फोड आल्यासारखं दिसत असेल, किंवा सॉकेटमध्ये सैल बसत असेल तर बदला. सॉकेट काळं पडलं असेल तर नुसतं कॉइल बदलून भागत नाही, नवंही महिन्याभरात जळतं. दोन्ही बदला. आणि ताटलीत अ‍ॅल्युमिनियम फॉइल अंथरायची सवय सोडा. फॉइल कॉइलच्या टोकाला टेकली तर शॉर्ट होतं.

मुळामुठा | १० एप्रिल, सकाळी ९:०२

काका, हॉस्टेलचे दिवस आठवले. पुण्यात चिनीमातीच्या ताटलीत स्प्रिंगसारखी तार बसवलेली शेगडी कॉटखाली लपवून ठेवायचो. रेक्टर आले की ब्लँकेट टाकायचं, तेही गरम शेगडीवर. मॅगी ढवळताना स्टीलचा चमचा लागून दोनदा झटका बसलाय. रेंजच्या कॉइलला हात लागला तर तसाच झटका बसतो का?

वायरमन_काका | १० एप्रिल, सकाळी ९:३७

ब्लँकेट?! जिवंत आहात हेच नवल.

तुमच्या शेगडीत तार उघडी होती, तिच्यातूनच वीज वाहत होती. रेंजच्या कॉइलमध्ये ती तार आत असते, भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली आणि त्यावर धातूची नळी. आपल्याला दिसते ती नळी. धड असेल तर तिला वीज नसते, फक्त चटका बसतो. म्हणून तर फुगलेलं-फाटलेलं कॉइल बदला म्हणतो.

आजीचीवही | १० एप्रिल, सकाळी ११:१५

काच टिकवण्याबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. गूळ-साखर सांडली तर गरम असतानाच काढायची. बाकी सगळ्या गोष्टी काच गार झाल्यावर पुसायच्या, हिचं उलटं आहे.

माझी कथा ऐका. तीन वर्षांपूर्वी संक्रांतीला चिक्कीच्या गुळाचा पाक करत होते. पळीभर काचेवर ओघळला. म्हटलं, गार झाल्यावर भिजवून काढू, आणि हळदीकुंकवाला गेले. परत आले तर पाक काचेला दगडासारखा चिकटलेला. कोमट पाणी, व्हिनेगर, सगळं केलं. शेवटी निघाला तो काचेचे टवके घेऊनच. गार होताना पाक आकसतो आणि काचेचा पृष्ठभाग ओढून काढतो. घर सोडताना त्या टवक्यांचे पैसे डिपॉझिटमधून कापले. इतकं महाग हळदीकुंकू गावात कोणी केलं नसेल.

आता करते ते असं: नॉब बंद, भांडं बाजूला, हातात ओव्हनचा जाड मोजा, आणि लांब दांड्याचं ब्लेडचं खरवडणं जवळजवळ आडवं धरून पाक काचेच्या गार भागाकडे ओढायचा. उरलेलं गार झाल्यावर. प्लास्टिक वितळलं तरी हेच. तिखटमीठ, तुमचा तो डाव काढलात कसा?

तिखटमीठ | १० एप्रिल, दुपारी १२:५०

आजीचीवही, डावाचा हिरवा ठसा अजून तिथेच आहे. 🙈 टवके नाहीत पण. रोजची सफाई कशी करता? मी भांड्यांची हिरवी घासणी वापरते आहे.

ओसरी | १० एप्रिल, दुपारी १:०४

अगं बाई, हिरवी घासणी नको! चरे पडतात. काच पूर्ण गार होऊ दे, मग काचेच्या टॉपसाठीचं क्रीम मिळतं ते थेंबभर, मऊ कागदाने चोळायचं, ओल्या फडक्याने पुसायचं, मग कोरड्या. क्रीमचा अंश राहिला आणि वर बर्नर लावला तर त्याचाच डाग भाजून बसतो. अमोनियाचा खिडकीचा स्प्रे आणि ब्लीच दोन्ही टाळ. आणि भांड्याचं बूड पुसून ठेव. निम्मे डाग सांडल्याचे नसतात, बुडाला लागलेल्या तेलाचे असतात.

पाटावरवंटा | १० एप्रिल, दुपारी २:२२

म्हणजे शेगडीसाठी क्रीम, कागद, ब्लेड, मोजा. आमच्या कॉइलला यातलं काही लागत नाही, एवढंच नम्रपणे नमूद करतो.

दगडफूल | १० एप्रिल, दुपारी ३:१०

बिडाच्या तव्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. सगळे म्हणतात काचेवर नको. मी चार वर्षं रोज बिडाच्या तव्यावर घावन-धिरडी करते, एक चरा नाही. तव्याचं बूड एकदा पॉलिश पेपरने गुळगुळीत केलं आणि उचलूनच ठेवते.

चकलीमोडली | १० एप्रिल, दुपारी ३:१८

तुम्ही उचलून ठेवता हो. पाहुणे आलेला आतेभाऊ ठेवत नाही. आमच्या काचेवर त्याची सही आहे.

रानजाई | १० एप्रिल, संध्याकाळी ५:४५

मी टोरांटोजवळ राहते, मूळची डिचोलीची. काचेची चर्चा वाचली, पण ज्यांनी खरी आग पाहिली त्यांनी बोलायला हवं म्हणून लिहिते.

दोन वर्षांपूर्वी तळणीचं तेल ठेवलं आणि घरून फोन आला. पाचच मिनिटं. गॅसवर असतं तर ज्योतीकडे नजर गेली असती. इथे काही दिसत नाही, आवाज नाही. परत आले तेव्हा कढईत ज्वाळा. नवरा पाण्याचा जग घेऊन धावला, मी त्याला अक्षरशः ढकललं. तेलाच्या आगीवर पाणी पडलं की त्याची क्षणात वाफ होते आणि पेटतं तेल चहूकडे उडतं. ताट बाजूने सरकवून कढईवर झाकलं, नॉब बंद केला आणि झाकण तसंच ठेवलं. आग विझली म्हणून उघडून बघायचं नाही, तेल गार होईपर्यंत थांबायचं, नाहीतर हवा मिळताच पुन्हा पेटतं. पेटलेली कढई उचलून बाहेर न्यायचा प्रयत्न तर मुळीच नाही. झाकण घालणं जमत नसेल तर माणसं बाहेर काढायची, दार ओढून घ्यायचं आणि ९११ हा इथला आपत्कालीन नंबर लावायचा.

तेव्हापासून तळण असलं की मापाचं झाकण आधी ओट्यावर काढून ठेवते. मगच तेल.

मुळामुठा | १० एप्रिल, संध्याकाळी ६:०१

बाप रे. पण मी समजत होतो इलेक्ट्रिक जास्त सुरक्षित. ज्योत नाही, गळती नाही.

वायरमन_काका | १० एप्रिल, संध्याकाळी ६:३०

गळती नाही हे खरं. पण अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेचे अहवाल पाहा. इलेक्ट्रिक रेंज असलेल्या घरांत स्वयंपाकाच्या आगींचं प्रमाण गॅसपेक्षा जास्त आढळलंय. रानजाईंनी सांगितलं तेच त्यामागे आहे: चालू आहे हे डोळ्यांना कळत नाही, आणि बंद केल्यावरही बर्नर तापलेला राहतो. काचेवर छोटा लाल दिवा असतो, नॉब बंद केला तरी जळत राहतो. आईंना सांगा, दिवा आहे तोवर काच म्हणजे तापलेला तवा. काचेच्या टॉपचा मोठा धोका हाच, की तो ओट्यासारखा दिसतो. लोक त्यावर पोळ्यांचा डबा, भाजीची पिशवी, वर्तमानपत्र ठेवतात.

पदराचंही सांगून ठेवा. मागच्या बर्नरवरचं ढवळताना पदर पुढच्या बर्नरवरून जातो. पदर खोचून, आणि एकच भांडं असेल तर ते मागच्या बर्नरवर ठेवून पुढचे बंदच ठेवायचे.

आणखी एक. हिवाळ्यात वीज गेली तर नॉब आठवणीने बंद करा. रात्री दोन वाजता वीज येते आणि बर्नर गुपचूप चालू होतो.

झाकणझुल्या | १० एप्रिल, रात्री ८:१५

ओव्हनबद्दल कोणीच बोललं नाही. मराठी घरात ओव्हन म्हणजे कढया ठेवायचं कपाट, हे मी गृहीत धरतो.

आजीचीवही | १० एप्रिल, रात्री ८:२२

हसून हसून पुरेवाट. आमच्याकडे आत चार कढया, एक परात, इडलीपात्र आणि एकदा चुकून शंकरपाळ्यांचा प्लास्टिकचा डबा. लेकीने केक करायला ४०० फॅरेनहाइटवर तापवायला लावला. धूर, अलार्म, शेजारीपाजारी. शंकरपाळे वाचले नाहीत.

आता नियम: ओव्हनचं बटण दाबण्याआधी दार उघडून आत बघायचं. घरातल्या प्रत्येकाने.

रानजाई | १० एप्रिल, रात्री ९:००

अलार्मवरून आठवलं. फोडणीने अलार्म वाजतो म्हणून त्याची बॅटरी काढून ठेवणारे या धाग्यावर किती आहेत? खरं बोला.

पाटावरवंटा | १० एप्रिल, रात्री ९:०३

…

ओसरी | १० एप्रिल, रात्री ९:१२

पाटावरवंटा, बॅटरी आत्ता घाला. 😀 फोडणी टाकायच्या दोन मिनिटं आधी वरचा पंखा लावा. पुष्कळ अपार्टमेंटमध्ये तो हवा बाहेर टाकतच नाही, जाळीतून गाळून परत घरात सोडतो. ती जाळी काढून गरम पाण्यात साबण घालून धुवा, तेलाने बुजलेली असते. खिडकी उघडा. तरी वाजलाच तर अलार्मवर बहुधा गप्प करायचं बटण असतं.

दगडफूल | ११ एप्रिल, सकाळी ७:५०

ओव्हनचं सेल्फ-क्लीन वापरतं का कोणी? दार आपोआप लॉक होतं आणि आत साधारण ९०० फॅरेनहाइट, म्हणजे ४८० सेल्सिअसच्या आसपास जातं. आतला चिकटा जळून राख होते, ती नंतर पुसायची. मी एकदाच केलं, घरभर इतका वास की पुन्हा नाही. आधी जाळ्या बाहेर काढा, सांडलेलं तूप-तेल पुसून घ्या. घरात पक्षी असेल तर त्याला दुसरीकडे हलवा, तो धूर पक्ष्यांना जिवावर बेततो. आणि या ओव्हनमध्ये बाजारातला ओव्हन क्लीनर मारू नका, आतला लेप खराब होतो.

चकलीमोडली | ११ एप्रिल, सकाळी ८:३३

अवांतर: आम्ही शेवटी इंडक्शन रेंज घेतली. बर्नरवरून भांडं उचललं की तापणं थांबतं, दूध उतू जाणं इतिहासजमा. फक्त लोहचुंबक चिकटेल तीच भांडी चालतात, त्यामुळे आईने दिलेलं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं आता कुंडी झालंय.

झाकणझुल्या | ११ एप्रिल, सकाळी ८:४०

भारतातली इंडक्शन प्लेट बॅगेतून आणली तर?

वायरमन_काका | ११ एप्रिल, सकाळी ९:०५

नका. ती २३० व्होल्टची, इथल्या साध्या प्लगला १२०. आणि ‘रेंजच्या मागे २४० आहेत ना, तिथे जोडतो’ म्हणणारा एक महाभाग मला भेटलेला आहे, म्हणून आधीच सांगतो: तेही नका.

तिखटमीठ, एक महत्त्वाचं राहिलं. रेंज मागून एका कंसात (ब्रॅकेटमध्ये) अडकवलेली असते, उलटू नये म्हणून. १९९१ पासून उत्पादकांना तो रेंजबरोबर द्यावा लागतो, पण बसवणारे बऱ्याचदा कंटाळा करतात. ओव्हनच्या उघड्या दारावर लहान मूल चढलं किंवा कोणी जड भांडं टेकवलं तर अख्खी रेंज पुढे कलंडते, वरच्या उकळत्या आमटीसकट. सगळं गार असताना, वर काही नसताना, मागची वरची कड धरून हलकेच पुढे ओढून बघा. सहज कलली तर कंस नाही. अपार्टमेंटच्या ऑफिसला कळवा, घरमालकाने करून द्यायला हवं.

तिखटमीठ | १६ जून, रात्री १०:१०

धागा वर काढते आहे. आई-बाबा येऊन महिना झाला.

पहिल्या दिवशी तुमचं सगळं सांगायला बसले. आईने दहा मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “लेक्चर पुरे, आता तू सरक.” पहिले दोन दिवस भात लागला. तिसऱ्या दिवशी तिने आपल्या पाकिटातून टिकल्या काढल्या. प्रत्येक नॉबच्या कडेला एकेक: हिरवी म्हणजे भात बारीक, मरून म्हणजे फोडणी, काळी म्हणजे बंद. आकडे वाचायला चष्मा लागतो, टिकली बोटाला लागते.

दूध ती आता मागच्या बर्नरवर तापवते आणि पुढे उभी राहते. पदर खोचलेला असतो. बाबांना लाल दिव्याची ड्यूटी दिली आहे, ते रोज रात्री जाऊन “दिवा गेला” असं जाहीर करतात. फुलके तव्यावरच, फडक्याने दाबून. फुगतात, पण ‘हे खरे नव्हेत’ असं रोज ऐकावं लागतं.

हिरवा ठसा आईनेच काढला. तुमच्या सांगण्याप्रमाणे आधी जरासं गरम करून, ब्लेडने. मी खोलीत नव्हते हे एक बरं.

आजीचीवही | १६ जून, रात्री १०:२५

टिकल्या! मी उद्याच लावते.

पाटावरवंटा | १६ जून, रात्री १०:३१

बॅटरी घातली बरं का. कळावं म्हणून.

वायरमन_काका | १७ जून, सकाळी ७:१५

कंसाचं काय झालं?

तिखटमीठ | १७ जून, सकाळी ७:४०

काका, ओढून बघितली, कलली. ऑफिसला तीनदा कळवल्यावर एक माणूस आला, जमिनीत दोन स्क्रू मारून, कंस बसवून पंधरा मिनिटांत गेला. आईने त्याला चहा दिला. तो ‘व्हेरी गुड’ म्हणाला, पण चहाला ज्योत मिळाली नाही म्हणून नीट उकळला नव्हता, असं ती अजून म्हणते आहे.